कालव्याकाठची जांभळी फुलं आणि एक डिंगरी

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘हा इथला मूळचा वुडलँड फ्लॉक्स. आपल्या वाफ्यासाठी अगदी योग्य.’ तेरा जणांनी अंगठा दाखवला. व्हॉट्सअ‍ॅपवरचा. मराठीतला दाखवायला हवा होता, हे पाच दिवसांनी कळलं.

ती वनस्पती फ्लॉक्स नव्हती, आणि मूळची इथलीही नव्हती. चूक कुठे झाली, कशी सापडली आणि ती निस्तरताना काय काय करावं लागलं, ते सगळं इथे लिहून ठेवते आहे. दर मे महिन्यात कोणी ना कोणी हाच फोटो पाठवून हाच प्रश्न विचारतं. आता त्यांना ही हकिगत पाठवता येईल.

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. घरापासून दहा मिनिटांवर डिलावेअर-रॅरिटन कालवा आहे. १८३४ साली खुला झालेला, मुख्य कालवा ४४ मैलांचा. एके काळी खेचरं काठावरून चालत कोळशाच्या होड्या ओढायची. त्या खेचरांच्या वाटेवर आता लोक सायकली चालवतात, कुत्री फिरवतात, आणि मे ते ऑक्टोबर या काळात भारतातून आलेले आईवडील सकाळ-संध्याकाळ चालतात. माझी आईही त्यांतलीच. साताऱ्याची, बहात्तर वर्षांची. तिला देवाला फुलं लागतात, आणि दुकानातली सेलोफेनमध्ये गुंडाळलेली फुलं तिला ‘कागदाची’ वाटतात.

क्लबहाउसच्या मागे फुलपाखरं-मधमाश्यांसाठी एक वाफा करायचा, त्यात फक्त इथलीच मूळची झाडं लावायची, असं वसाहतीत ठरलं होतं. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. माझी पात्रता एवढीच, की माझ्याकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग होतं आणि दुसऱ्या कोणाला ते काम नको होतं.

पहिली पाहणी, म्हणजे पहिली चूक

कालव्याच्या उताराला, झाडीच्या कडेला, अर्धवट सावलीत ती फुलली होती. एकदोन नव्हे, पन्नास-साठ पावलं लांब सलग पट्टा. कमरेएवढी उंच, टोकाला फुलांचे घोस. बहुतेक जांभळी, मधूनच फिकट गुलाबी, काही पांढरीशुभ्र. एकाच ताटव्यात तिन्ही रंग.

मी वरून फोटो काढला. फोनमधल्या झाडं ओळखणाऱ्या अ‍ॅपने चार नावं सुचवली, त्यात पहिलं फ्लॉक्स. दुसरं नाव बरोबर होतं, पण दुसऱ्या नावाकडे बघतो कोण? शिवाय फ्लॉक्स हे नाव माझ्या ओळखीचं. पुण्याच्या रोपवाटिकांत हिवाळ्यात कुंड्यांमधून ठेंगणा, रंगीबेरंगी फ्लॉक्स मिळतो तो मी लहानपणापासून पाहिलेला. नाव ओळखीचं निघालं की शोध थांबतो. माझाही थांबला.

अ‍ॅपला दोष देण्यात अर्थ नाही. मी त्याला जे दाखवलं त्यावर ते बोललं. माझ्या फोटोत पान नव्हतं, देठ नव्हता, खालचा अर्धा भाग तर अजिबात नव्हता. डोक्यावरून काढलेल्या फोटोवरून माणूस ओळखायला सांगावं तसा तो प्रकार.

खरी चूक त्याच्या पुढची. दुसऱ्या दिवशी मी पाकळ्या मोजल्या. चार भरल्या. फ्लॉक्सला पाच असतात, हे मला माहीत होतं. मी मनाशी म्हटलं, एक गळली असेल. दुसरं फूल पाहिलं, चार. तिसरं, चार. तरी मी यादीत फ्लॉक्सच ठेवला, कारण गटावर सांगून बसले होते. झाड ओळखण्यात डोळ्यांपेक्षा तोंड जास्त आड येतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

दिनदर्शिकेकडे पाहिलं असतं तरी भागलं असतं. वुडलँड फ्लॉक्स एप्रिल-मेमध्ये फुलतो आणि जेमतेम फूटभर, फार तर दीड फूट वाढतो. मेअखेरीस त्याचा बहर ओसरत आलेला असतो. कमरेएवढा वाढणारा उंच फ्लॉक्स वेगळा, आणि तो जुलैच्या आधी फुलायचं नाव घेत नाही. म्हणजे मेअखेर, ऐन बहरात, कमरेएवढा फ्लॉक्स, हे गणितच जुळत नाही. फुलाला हात न लावता एवढं कळायला हवं होतं.

आईचं निरीक्षण

पाचव्या दिवशी आई एक दांडा खालून धरून उभी होती. मी फुलं बघत होते, ती फुलांच्या खाली बघत होती.

‘अगं, ह्याला तर डिंगऱ्या लागल्यात.’

मुळा जून होऊ दिला की तो फुलावर येतो आणि त्याला ज्या कोवळ्या शेंगा लागतात त्या डिंगऱ्या. आमच्या घरी परसात चार मुळे मुद्दाम ठेवले जायचे, फक्त डिंगऱ्यांच्या भाजीसाठी. तीच ठेवण इथे होती. टोकाला कळ्या, त्याखाली उमललेली फुलं, त्याच्या खाली पाकळ्या गळून राहिलेल्या हिरव्या काड्या, आणि अगदी खाली बोटभर लांब, सुईसारख्या बारीक शेंगा, दांड्यापासून तिरप्या वर वळलेल्या. खालून वर फुलत जाणारा मोहरीचा दांडा ज्यांनी शेतात पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

‘फ्लॉक्सला अशी शेंग येते का गं?’ तिने विचारलं.

येत नाही. फ्लॉक्सचं फळ म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं, तीन कप्प्यांचं बोंड. इतकी लांब शेंग फ्लॉक्सला सात जन्मांत यायची नाही.

एवढ्यात तिने एक पान चुरगाळून नाकाशी नेलं होतं. ‘मुळ्याच्या पाल्यासारखा वास आहे थोडा.’ आणि मी काही बोलायच्या आत ते जिभेवर ठेवलं. यावर आमची थोडी बाचाबाची झाली. अनोळखी झाडाचं पान तोंडात घालायचं नाही, हा नियम बहात्तराव्या वर्षीही लागू आहे असं माझं म्हणणं. ‘कडू आहे,’ एवढंच तिचं उत्तर.

वास का येतो, त्यामागची युक्ती मोहरी फेसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते, फक्त नावानिशी नसते. मोहरी कुळातल्या वनस्पती पेशींमध्ये ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं साठवतात आणि त्यांचं विघटन करणारं मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) वेगळ्या जागी ठेवतात. पान चावलं, चुरगाळलं, किंवा मोहरी वाटून पाण्यात फेसली, की दोघांची गाठ पडते आणि नाकात झिणझिण्या आणणारं तेल तयार होतं. म्हणून फेसलेली मोहरी चढते. फोडणीतली मोहरी मात्र चढत नाही, कारण तापलेल्या तेलात ते विकरच निकामी होतं. कीटकांना दूर ठेवायची ही सोय. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराने मात्र तीच खूण धरली आहे. या द्रव्यांचा सुगावा घेऊनच ते अंडी घालायला पान निवडतं.

ताटलीतली तपासणी

दोन फुलं आणि दोन शेंगा घरी आणल्या. पांढरी ताटली, ब्लेड, भिंग, टाचणी. हा भाग सावकाश सांगते, कारण प्रकरणाचा निकाल इथे लागला.

आधी पाकळी ओढून पाहिली. फ्लॉक्सच्या पाकळ्या तळाशी जुळून एक बारीक नळी झालेली असते. एक ओढली तर सगळं फूल निघून हातात येतं. इथे एकच पाकळी सुटली. वरचा भाग पसरट, खाली लांब निमुळता दांडा. चारही पाकळ्यांचे हे दांडे चार उभ्या हिरव्या-जांभळ्या संदलांच्या, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या पानासारख्या आवरणांच्या, म्यानात घट्ट बसलेले असतात, म्हणून बाहेरून नळीच वाटते. मी फसले ती या म्यानामुळे. चार संदलांपैकी समोरासमोरच्या दोन तळाशी किंचित फुगीर होत्या, पिशवीसारख्या.

पाकळ्या आणि संदल काढल्यावर सहा पुंकेसर उरले. चार उंच, दोन आखूड. एवढ्या एका खुणेवर निम्मं काम होतं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने सगळ्या फुलझाडांची पुंकेसरांवरून विभागणी केली तेव्हा ‘चार बलवान’ अशा अर्थाचा एक वेगळा वर्गच केला, आणि त्यात जवळजवळ सगळी मोहरीचीच भावंडं जमा झाली. नुसत्या चार पाकळ्या पुरेशा नाहीत. आपल्या बागेतल्या एक्झोरालाही चार पाकळ्या असतात, पण त्या नळीने जोडलेल्या. पावसाळ्यात बांधावर उगवणारी पिवळी तिळवण तर आणखी चकवते. चार सुट्या पाकळ्या, वर उभी लांब शेंग, सगळं मोहरीसारखं. पण तिचं पान तीन-पाच पर्णिकांचं, अंग चिकट, आणि पुंकेसर सहापेक्षा बरेच जास्त. ती मोहरीची सख्खी नव्हे, चुलत बहीण, शेजारच्या कुळातली.

मग शेंग. ब्लेडने आडवी कापली तर आत दोन कप्पे, मधोमध पातळ पडदा. उभी उकलली तर दोन्ही बाजूंची टरफलं निघाली आणि मधली चौकट तशीच राहिली, तिच्या कडांना हिरवे कोवळे दाणे चिकटलेले. वाळलेली मोहरी झोडताना हेच होतं. टरफलं उडतात आणि देठावर रुपेरी पापुद्रे उरतात. इथे आईचं निदान बारकाव्यात थोडं चुकलं हे नोंदवायला हवं. मुळ्याची डिंगरी या कुळातली अपवाद आहे. ती अशी दोन फाकांत उकलत नाही, आत भेंडासारखी भरलेली असते. या फुलाची शेंग डिंगरीपेक्षा मोहरीच्या जवळची. पण कूळ तिने बरोबर सांगितलं होतं, आणि मला पाच दिवसांत तेवढंही जमलं नव्हतं.

कूळ ठरलं. या कुळात जगभर मिळून सुमारे चार हजार जाती आहेत, म्हणजे पत्ता कळला तो फक्त जिल्ह्याचा. गाव शोधायचं बाकी होतं.

न्यू जर्सीत, मे महिन्यात, झाडीच्या कडेला फुलणाऱ्या मोहरी कुळातल्या रानटी वनस्पतींत उमेदवार थोडेच. सगळ्यात जास्त दिसते ती गार्लिक मस्टर्ड. तिची फुलं बारीक, पांढरी, पान हृदयाच्या आकाराचं, आणि चुरगाळलं की सरळ लसणाचा वास. ती लगेच बाद. टूथवर्ट एप्रिलमध्येच फुलून जाते, आणि तिची पानं खोल कापलेली असतात. खरी स्पर्धा होती ल्युनेरियाशी. जांभळी, चार पाकळ्यांची, उंचीही जवळपास तेवढीच. पण ल्युनेरियाची पानं रुंद, खालची तर हृदयाकार, आणि शेंग म्हणजे चपटी गोल चकती, जुन्या रुपयाएवढी. वाळल्यावर तिचा मधला पडदा चांदीसारखा चमकतो आणि लोक तो फुलदाणीत लावतात. आमच्या शेंगा सुया. पानं भाल्याच्या पात्यासारखी लांबट, कडेला बारीक दाते, दोन्ही अंगांनी केसाळ, आणि दांड्यावर एकाआड एक. भिंगाखाली त्या केसांतले काही टोकाला दुभागलेले दिसले.

पानांची मांडणी ही तर जाता जाता कळणारी खूण. फ्लॉक्सची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि त्यांच्या कडा सपाट असतात. पाच दिवस मी त्या पानांच्या बाजूने चालत होते.

एवढ्यावर नाव पक्कं झालं: हेस्पेरिस मॅट्रोनॅलिस, इंग्रजी बोलीत डेम्स रॉकेट. १७५३ साली लिनीयसने दिलेलं नाव. ‘हेस्पेरिस’ हे ‘संध्याकाळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे, म्हणून शेवटची एक चाचणी उरली होती. त्या संध्याकाळी पावणेआठला आम्ही पुन्हा कालव्यावर गेलो. दुपारी नाकाशी धरूनही ज्या फुलांना धड वास नव्हता, त्यांचा वास तीन-चार पावलांवरून येत होता. गोड, थोडा लवंगेकडे झुकणारा. रात्रीच्या पतंगांना बोलावण्यासाठी फूल संध्याकाळनंतर गंध वाढवतं. आई म्हणाली, रातराणीसारखी नाही, पण घराण्यातली वाटते. वनस्पतिशास्त्राने हे घराणं मान्य केलेलं नाही, मी केलं.

मग करायचं काय

नावाने खरी अडचण उभी केली. डेम्स रॉकेट मूळची युरोप-आशियाची. सतराव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांनी बागेसाठी अमेरिकेत आणली, आणि ती कुंपण ओलांडून रानात गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये तिच्या विक्रीला बंदी आहे, कोलोरॅडोच्या उपद्रवी तणांच्या यादीत ती आहे. आणि तरीही ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांत तिचं बी वर्षानुवर्षं मिसळलेलं आढळतं. पाकिटावर फुलपाखराचं चित्र असतं. सुंदर दिसते म्हणून आणलेली घाणेरी सह्याद्रीत कशी माजली, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या गोष्टीचा पुढचा भाग पाठ असेल.

फुलपाखरं तिच्यावर येतात, हे खरं. गटावर एकाने हाच मुद्दा काढला: ‘येतात ना? मग राहू दे.’ मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. मोठी फुलपाखरं तिचा मध पितात, भुंगेही येतात. पण तिचे दाट ताटवे झाले की त्या जागी इथल्या मूळच्या झाडांची रोपं तग धरत नाहीत, आणि आमचा वाफा त्यांच्यासाठीच होता. ती गार्लिक मस्टर्डइतकी वाईट आहे का? माझ्या मते नाही. गार्लिक मस्टर्डवर तर इथलं वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट नावाचं पांढरं फुलपाखरू ओळखीच्या वासाला भुलून अंडी घालतं आणि अळ्या मरतात. डेम्स रॉकेटबद्दल एवढा गंभीर आरोप मी करणार नाही. पण वाफ्यात तिला जागा नाही, एवढं नक्की.

गटावर दुरुस्ती टाकली. आधीच्या फोटोइतके अंगठे तिला आले नाहीत. मात्र एका शेजारणीचा फोन आला. तिने गेल्या वसंतात क्लबहाउसच्या मागे असंच एक पाकीट विस्कटलं होतं आणि तिथे आता ‘तशीच’ झाडं उभी होती. जाऊन पाहिलं तर सात झाडं फुललेली, आणि भोवती जमिनीलगत बसलेल्या पानांच्या चकत्या. ही वनस्पती बहुधा दोन वर्षांचा संसार करते. पहिल्या वर्षी नुसती पानांची चकती, मधला हिवाळा सोसल्यावर दुसऱ्या वर्षी दांडा, फुलं, बी.

पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना, मुळासकट उपटली. फुललेली झाडं उपटून तिथेच टाकली तर उपटलेल्या दांड्यावरही शेंगा पिकू शकतात, म्हणून ती काळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात दिली, कंपोस्टात नाही. कालव्याकाठच्या ताटव्याला हात लावला नाही. ते राज्याचं उद्यान आहे, तिथे आपल्या मनाने काही उपटायचं नसतं. उद्यानाच्या कार्यालयाला जागा आणि फोटो कळवले. या वेळी फोटो चार काढले होते: फूल समोरून, फूल बाजूने, पानांसकट दांडा, आणि शेंग.

आईचा हट्ट वेगळाच होता. तिला थोडं बी साताऱ्याला न्यायचं होतं. ‘चार दाणे. कोणाला कळतंय?’ बाहेरून बी आणायचं तर भारतात २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, हे सांगितलं. त्याने तिचं समाधान झालं नाही. घाणेरीचं उदाहरण दिल्यावर गप्प बसली. तिच्या माहेरच्या डोंगरावर आता घाणेरीशिवाय दुसरं काही दिसत नाही. फुलदाणीसाठी मात्र आमच्या उपटलेल्या झाडांतले तीन दांडे, शेंगा खुडून, तिने बाजूला काढले होते. आठवडाभर ते देवघरात होते. संध्याकाळी दिवा लावला की त्यांचा वास यायचा.

वाफ्यात ब्लॅक-आयड सुझन, मिल्कवीड आणि अ‍ॅस्टर लावले. मातीत पडलेलं बी काही वर्षं टिकतं, म्हणून पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा पाहायचं ठरलं होतं, तसं पाहिलं. केसाळ, लांबट पानांच्या अकरा चकत्या निघाल्या. मी भराभर उपटत गेले. शेवटची दोन उपटल्यावर सहज एक पान चुरगाळून हुंगलं तर मुळ्याच्या पाल्याचा मागमूस नाही. ब्लॅक-आयड सुझनची रोपं होती. तिचीही पहिली पानं तशीच लांबट आणि केसाळ. दोन्ही परत खड्ड्यात बसवली, पाणी घातलं. एक जगलं.